अरुंद सेतू

लुळी पडलेली मेंढी पुन्हा चालायला लागली, ही बातमी बाहेर फुटायच्या आधी डॉ. महानंदा धनशेट्टीने एकाच माणसाला फोन केला होता. अक्कलकोटच्या कोर्टात वकिली करणाऱ्या आपल्या धाकट्या भावाला, सिद्धारामला.

"अरे, चारी पायांवर उभी राहिली! शेडभर फिरली!"

"वा," सिद्धाराम म्हणाला. "मेंढीला माझा नमस्कार सांग. मला आता तारीख आहे, संध्याकाळी बोलू."

महानंदा हसली. भाऊ असाच होता. चाकाच्या खुर्चीत बसून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण जिभेला मात्र कधी लकवा मारला नव्हता.

तो कायद्याच्या पहिल्या वर्षाला असताना सोलापूरहून मोटारसायकलवर घरी निघाला होता. वळसंगच्या पुढे रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही की लाल फडकं नाही. पाठीचा दहावा मणका फुटला आणि कमरेखालचं सगळं गेलं. महानंदाची तेव्हा इंटर्नशिप संपत आली होती. तिला डोळ्यांची डॉक्टर व्हायचं होतं. तसं तिने घरी सांगूनही टाकलं होतं. पण भावाच्या खाटेशी बसलेली असताना तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "हाडं आम्ही जोडून दिलीत. आतली तार तुटलीय, तिला जगात औषध नाही." ते वाक्य तिला पचलं नाही. तिने डोळे सोडले आणि हाडं घेतली.

हाडांच्या विभागात ती एकटीच मुलगी होती. ती टिकली. मग मणक्याचं खास शिक्षण घ्यायला ती दक्षिणेत डॉ. विश्राम खांडेकरांच्या हाताखाली गेली. खांडेकर सर बोलायला तुसडे, पण हात देवाचा. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या हातात ड्रिल दिलं होतं. "मणक्यात शिरताना बोटांना बारीक खरखर लागेल. ती लागतेय तोवर तू हाडात आहेस. खरखर संपली की तूही थांब. त्याच्या पलीकडे माणसाचं अख्खं आयुष्य असतं." ती थांबायला शिकली. पुढे जपानमधल्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या पाठीत डोकं घालून चार वर्षं काढली. लग्नाचं वय निघून गेलं म्हणून आई हळहळली. महानंदाच्या ते ध्यानातही आलं नाही. आणि सोलापूरला तुळजापूर रस्त्यावर मेरुदंड संशोधन केंद्र उभं राहिलं, खांडेकर सर त्याचे संचालक झाले, तेव्हा ती परत आली. तोवर मणक्यात स्क्रू बसवायचं काम यंत्रमानव माणसापेक्षा नीट करायला लागले होते. विद्यार्थी विचारायचे, "मॅडम, मग आमच्या हातांचं काय काम?" ती म्हणायची, "थांबा, येतंय."

ते काम म्हणजे सेतू.

मज्जारज्जू हा करंगळीएवढ्या जाडीचा दोर. मेंदूतून निघालेले लाखो तंतू त्यातून खाली जातात, खालून तितकेच वर येतात. हा दोर चिरडला की मधे वण तयार होतो, आणि तुटलेले तंतू त्या वणाशी येऊन थबकतात. पलीकडचा भाग जिवंत असतो. त्याच्यापर्यंत निरोप तेवढा पोचत नाही. पण शरीरात एक जागा अशी आहे जिथे असे तंतू जन्मभर मरतात आणि नव्याने वाढतात. ती म्हणजे नाक. वासाच्या तंतूंना वाट दाखवणाऱ्या खास पेशी तिथे असतात. महानंदाने या पेशी रुग्णाच्याच नाकातून काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि जेलीसारख्या मऊ तुकड्यातल्या केसाएवढ्या नळ्यांना आतून त्यांचा थर दिला. वण कापून तिथे हा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली हाताने शिवायचा. मग तंतू त्या नळ्यांतून हळूहळू पुढे सरकतात. तांदळाच्या दाण्याएवढं अंतर कापायला त्यांना आठवडा लागतो.

अडचण एकच होती. सेतू अरुंद होता. पायांची हालचाल करणाऱ्या तंतूंना रुंद नळ्या आणि एक प्रकारचं प्रथिन लागायचं. मूत्राशयाच्या आणि संवेदनांच्या तंतूंना अगदी बारीक नळ्या आणि निराळं प्रथिन. दोन्ही एकत्र घालून पाहिलं, तर सगळ्यांची गर्दी होऊन कुणीच पलीकडे गेलं नाही. म्हणजे कुणाला पाठवायचं ते निवडणं भाग होतं. आणि ही निवड आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पायच. दुसरं काय?

मेंढीनंतर दोन वर्षांनी माणसाची पाळी आली. मोहोळचा सूरज कोळी, कबड्डीपटू. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर व्यायाम करून एके सकाळी तो दोन बाजूंच्या दांड्यांना धरून स्वतःच्या पायांनी चालला. ती चित्रफीत जगभर गेली. खांडेकर सरांनी सगळ्यांसमोर महानंदाच्या पाठीवर थाप मारली. ते असं कधी करत नसत.

दुपारी तिने भावाला फोन लावला. "सिद्धू, पुढचा नंबर तुझा. मी सगळं बघून ठेवलंय, जुन्या दुखापतीलाही चालतं."

पलीकडे फाइल मिटल्याचा आवाज आला.

"नको, अक्का," सिद्धाराम म्हणाला.

"काय नको?"

"ऑपरेशन नको. तू कर लोकांचं. मी आहे असा बरा आहे."

महानंदाला वाटलं, फोनवर नीट ऐकू आलं नसेल.

रविवारी ती गाडी काढून अक्कलकोटला गेली. विजयाने, सिद्धारामच्या बायकोने, भाकऱ्या थापल्या होत्या, शेंगाचटणी नि दही होतं. महानंदाने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"भीती वाटतेय का तुला?"

"वाटते की. पण त्यासाठी नाही म्हटलं नाही."

"मग? अरे, मी कुणासाठी हे सगळं केलं? डोळ्यांची ॲडमिशन सोडली, जपानला गेले, केस पांढरे केले..."

"ते मी करायला सांगितलं होतं का?" सिद्धाराम शांतपणे म्हणाला. "अक्का, राग मानू नकोस. तू मला चालताना बघायला निघालीस आणि मधे मला विचारायचं राहूनच गेलं. मी काय तुझा प्रबंध आहे का?"

विजया चटकन उठून आत जाईल असं महानंदाला वाटलं, पण ती तिथेच बसून राहिली. सिद्धारामने खुर्ची जरा पुढे घेतली.

"मला एक सांग. तुझी मेंढी चालली. ती मुतली कशी, हे कुणी बघितलं का?"

महानंदाने सरकवलेलं ताट पुन्हा जवळ ओढलं.

"चार-चार तासांनी मी नळी घालून लघवी काढतो. कोर्टात उलटतपासणी रंगात आलेली असते आणि माझं अर्धं लक्ष घड्याळाकडं. लग्नाला गेलो तर आधी संडास कुठाय ते बघायचं. तहान लागली तरी पाणी मोजून प्यायचं. पँट ओली झाली तर मला कळत नाही अक्का, विजूच्या डोळ्यांतनं कळतं. आणि वर्षातनं दोनदा ताप. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकत चाललीत. पायाचं म्हणशील तर माझी खुर्ची मला कुठंही नेते. मी पाय मागतच नाही. आणि तू म्हणतेस सेतू एकदाच घालता येतो. मग तो पायांवर कशाला घालवू?"

महानंदाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. शेकडो रुग्णांच्या मूत्रपिंडांच्या तपासण्या तिने वाचल्या होत्या. पण भावाशी हा विषय ती कधी बोलली नव्हती. बहीण-भावात तो निघत नाही. आणि संशोधनात तो 'पुढे बघू' या खान्यात पडून होता.

तिने विजयाकडे पाहिलं. "तुला काय वाटतं? तुला तरी त्याला चालताना बघायचंय ना?"

"अक्का, मी लग्न केलं तेच खुर्चीतल्या माणसाशी," विजया म्हणाली. "चालणारा नवरा मी बघितलाच नाही, मग त्याची आस कशी लागंल? मला फक्त ह्यांचा ताप नको. ताप आला की मी देवापाशी बसते आणि काय मागावं ते सुचत नाही."

परतताना महानंदाला रस्ता दिसत नव्हता. वळसंगला गाडी बाजूला घेऊन ती थोडा वेळ नुसती बसून राहिली. रागही आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने बाह्यरुग्ण विभागात प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: एकच गोष्ट परत मिळणार असेल तर काय मागाल? मान दुखावलेल्यांनी हात मागितले. बाकीच्यांतल्या बहुतेक सगळ्यांनी इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून तेच सांगितलं जे सिद्धारामने सांगितलं होतं. तिने सूरजलाही विचारलं. तो आता केंद्राचा लाडका होता.

"पावलं टाकतो तेव्हा आई रडते, मॅडम. लई बरं वाटतं," तो म्हणाला. "पण संघातली पोरं बसनं कोकणात निघाली, मला चल म्हणत होती. मी नाही गेलो. बसमध्ये नळी कुठं घालू?"

खांडेकर सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा टेबलावर ठेवला.

"महानंदा, सूरजची चित्रफीत बघून तीन देशांतले लोक आपल्याशी हातमिळवणी करायला आलेत. तू लघवीची चित्रफीत कुणाला दाखवणार?"

"कुणालाच नाही, सर. म्हणूनच ते आजवर राहिलंय."

"लोकांना माणूस उभा राहिलेला बघायचाय."

"बघणाऱ्यांना, सर. बसलेल्यांना नाही."

सरांचा आवाज चढला. "एका वेळी दोन घोड्यांवर बसता येत नाही. हे करायचं असेल तर चालण्याच्या चाचणीतून बाहेर हो. तुझी जागा अफसाना घेईल."

डॉ. अफसाना मुजावर ही महानंदाचीच विद्यार्थिनी. तिने शिकवलेल्यांत सगळ्यांत हलका हात तिचा. महानंदाने तिथेच मान हलवली आणि बाहेर आली. जिन्यात मात्र ती कठड्याला धरून थांबली. उभं आयुष्य घालून जे बांधलं होतं, ते ती दुसऱ्याच्या हातात देऊन आली होती. तेही ज्याच्यासाठी बांधलं, त्याने नको म्हटलं म्हणून.

मग पुन्हा मेंढ्या. शेडमध्ये ओल ओळखणाऱ्या चटया अंथरल्या, मूत्राशयाचा दाब मोजायला तांदळाएवढी यंत्रं बसवली. मेंढीला लागल्याचं कळतं का, कळल्यावर ती थांबू शकते का, हे टिपायचं. केंद्रातले लोक येताजाता नाक मुरडत. पहिली तुकडी साफ वाया गेली. बारीक नळ्या मिटून जात होत्या. मज्जारज्जूभोवतीचं पाणी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हिंदकळतं, त्या दाबाला त्या टिकत नव्हत्या. महानंदाने नळ्यांची तोंडं नरसाळ्यासारखी रुंद केली, भिंतींना पीळ दिला, पुन्हा केलं, पुन्हा फसलं. संध्याकाळी आपलं काम आटोपून अफसाना यायची, बाह्या सरसावून सूक्ष्मदर्शकापाशी बसायची.

"तुझ्या सरांना कळलं तर?" महानंदाने विचारलं.

"त्यांना माहितीये, मॅडम. मला म्हणाले, टाके सैल घालू नकोस तिथं."

त्याच हिवाळ्यात सिद्धारामला ताप भरला, आणि या वेळी तो उतरेना. विजयाने त्याला सोलापूरला आणलं तेव्हा तो बरळत होता. संसर्ग रक्तात पसरला होता. चार दिवस महानंदाने शेडचं तोंड पाहिलं नाही. मेंढीची प्रगती, नळ्यांचा पीळ, सगळं एकदम फुकाचं वाटायला लागलं. आपल्याला उशीर होतोय, एवढंच तिला दिसत होतं.

सिद्धाराम वाचला. एक मूत्रपिंड जवळजवळ कामातून गेलं. तो उशीला टेकून बसायला लागला त्या दिवशी खांडेकर सर त्याला भेटायला आले. महानंदा दाराशीच थांबली.

"तुमच्या बहिणीनं माझी चाचणी सोडली ती तुमच्यामुळे," सर म्हणाले. "वकीलसाहेब, हट्ट सोडा. मी स्वतः तुम्हाला चालवतो."

"चालून जाऊ कुठं, साहेब? दुसरी किडनी गेल्यावर डायलिसिसला?"

सर खुर्ची ओढून बसले. मग एकदम वेगळ्याच सुरात म्हणाले, "माझं वय झालं आता. रात्रीत तीन-तीनदा उठावं लागतं. वैताग येतो."

"उठावं लागतं हे तुम्हाला कळतं तरी," सिद्धाराम म्हणाला.

सर हसले, आधी ओठांत, मग खांदे हलवत. जाताना दारात महानंदापाशी थांबले. "मेंढ्यांचे आकडे उद्या माझ्या टेबलावर ठेव. सगळे. फसलेलेसुद्धा."

मेंढ्यांवरच्या प्रयोगाला यश यायला अजून पाऊण वर्ष लागलं. एक काळी मेंढी चटईवर न करता रोज मागचे पाय ओढत कोपऱ्यात जायला लागली. दाबाचा आलेख बघून महानंदाने अफसानाला मिठीच मारली. सरांनी परवानगीचा ठराव स्वतः मांडला आणि नीतिसमितीसमोर तो तासभर लढवला. समितीने माणसांवरच्या चाचणीला मान्यता दिली. अट एकच घातली, आणि ती महानंदाला आधीपासून ठाऊक होती. सख्ख्या भावावर तिने शस्त्रक्रिया करायची नाही. आत पाऊलही टाकायचं नाही.

म्हणून त्या सकाळी मणक्यांची नावाजलेली सर्जन शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर विजयाशेजारी बसली. या बाजूने तिने ते दार कधी पाहिलंच नव्हतं. आत आता काय चाललं असेल ते तिला मिनिटागणिक माहीत होतं: आता यंत्रमानवाने हाड कापलं, आता आवरण उघडलं, आता वण. तिची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. विजयाने त्यांवर आपला हात ठेवला.

"तुम्ही आत असता तर बरं वाटलं असतं, अक्का. पण बाहेर आहात तेही बरं वाटतं."

"बाहेर लोक असे बसतात, होय?" महानंदा म्हणाली. "मी येऊन 'सगळं ठीक' म्हणायचे आणि निघून जायचे."

दुपार कलल्यावर अफसाना टोपी काढत बाहेर आली. डोळे लाल झाले होते. ती 'सगळं ठीक' म्हणाली नाही. बाकावर दोघींच्या मधे बसली आणि एकेक टाका कसा पडला ते सांगत राहिली. विजयाला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने सगळं ऐकलं.

पुढचे महिने वाट बघण्याचे. तंतू आपल्या चालीने चालणार, त्यांना हाकारून उपयोग नसतो. महानंदा दर पंधरवड्याला तपासायची, काही नाही. सिद्धाराम कोर्टात जायला लागला, नळी घालत राहिला. मधे एक ताप येऊन गेला. "तुझे तंतू सरकारी नोकर दिसतात," तो म्हणायचा, पण हल्ली त्याचं हसू डोळ्यांपर्यंत जात नसे. एकदा तो म्हणाला, "नाहीच झालं तर तू रडत बसू नकोस. पुढच्याला होईल." महानंदाने मान हलवली, आणि गाडीत बसल्यावर रडली.

जत्रेनंतरचे दिवस होते. चुलत पुतणीच्या बारशाला तिघं निघाली होती. महानंदा गाडी चालवत होती, सिद्धाराम शेजारी, विजया मागे. एका पक्षकाराची नक्कल करता करता सिद्धाराम मधेच थांबला. महानंदाने वळून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता, एक हात ओटीपोटावर.

"काय होतंय? दुखतंय? छातीत काही?"

"नाही... गाडी थांबव."

"घाम येतोय का? विजू, त्याचा हात बघ, गरम लागतोय का?"

"अक्का, ताप नाही. खाली काहीतरी जड लागतंय. दाबल्यासारखं." त्याने डोळे मिटले, जणू खूप लांबून येणारा आवाज ऐकत होता. मग डोळे उघडून तो बहिणीकडे बघायला लागला. "मला वाटतं, मला लागलीये."

महानंदाने गाडी कडेला घेतली.

"धरवेल?" महानंदाने विचारलं.

"काय माहीत! धरायची कशी ते आठवत नाही. तू चालव!"

पुढच्या वळणावर पेट्रोल पंप होता. स्वच्छतागृहाला तीन पायऱ्या, उतार नावाला नाही. विजयाने पुढून आणि महानंदाने मागून अशी खुर्ची उचलली, पंपावरची बाई "अहो, थांबा, मी धरते" म्हणत धावत आली, आणि तिघींनी मिळून वकीलसाहेबांना आत पोचवलं. विजया आत राहिली. दार लागलं.

महानंदा बाहेर उभी राहिली. हा क्षण तिने पडद्यावर कितीदा रंगवला होता: आलेखाची एक रेघ वर चढते आणि ठरल्या जागी खाली येते. इथे रेघ नव्हती. आत विजयाचा आवाज आला, "घाई करू नका." मग शांतता. फार लांबलेली शांतता. आणि मग पाण्याचा आवाज, आधी थेंब थेंब, थांबत, अडखळत, मग सलग.

महानंदाने भिंतीला पाठ टेकली. पंपावरच्या बाईने तिच्या गालांवरचं पाणी पाहिलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं, बाई? पेशंट बरा आहे ना?"

"बरा आहे," महानंदा म्हणाली. "अगदी बरा आहे."

आतून सिद्धारामचा आवाज आला, जरा चिडलेला, जरा कापरा.

"अक्का, तू दाराशीच उभी आहेस का? लांब जा की गं. लाज वाटते."